वर्षासहल, ऋतुचर्या आणि सोमवारचा ज्वररुग्ण

आषाढ लागला की पुण्या-मुंबईकडच्या आपल्या व्यवसायबंधूंना एक अनुभव हमखास येतो. शनिवारी दुपारनंतर चिकित्सालय ओस पडते आणि सोमवारी सकाळी दाराबाहेर चपलांना जागा उरत नाही. मधल्या दीड दिवसात अर्धे गाव लोणावळा, ताम्हिणी, माळशेज नाही तर भीमाशंकरच्या वाटेला लागलेले असते. सोमवारी येणाऱ्यांत कोणाला उदरशूल, कोणाला अतिसार, कोणाला प्रतिश्याय असतो, तर कोणाचा पाय मुरगळलेला असतो. यांपैकी बहुतेक जण तीन दिवसांत बरे होतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्यांच्याहून थोडा निराळा, म्हणजे त्या सोमवारी न येता पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या सोमवारी येणारा रुग्ण, हा आहे.

वर्षासहल ही आपल्याकडील तशी अलीकडची प्रथा. आपल्या शास्त्राने वर्षाऋतूचे जे वर्णन केले आहे, ते वाचून सहलीला निघण्याचा उत्साह कोणालाही येऊ नये. आदानकालाने देह दुर्बल झालेला, अग्नी मंद, वाताचा प्रकोप, पित्ताचा संचय, भूमीतून निघणारे बाष्प आणि अम्लविपाकी झालेले जल अशी ती अवस्था. म्हणून चरक आणि वाग्भट या दोघांनीही या ऋतूत नदीचे पाणी, दिवसा झोप, अतिश्रम आणि ऊन वर्ज्य सांगितले. वाग्भट तर वस्त्रे धूपन केलेली असावीत, पायी हिंडू नये, शीत, बाष्प आणि तुषार पोहोचणार नाहीत अशा माडीवर राहावे, इथपर्यंत सांगतात. आता आपल्या सहलीकडे पाहा. तुषार अंगावर घेण्यासाठीच माणूस धबधब्याखाली उभा राहतो, ओले कपडे सायंकाळपर्यंत अंगावरच वाळवतो, अनवाणी चिखल तुडवतो आणि भरपेट जेवून गाडीत झोपतो. वर्जनीय म्हणून जी यादी ग्रंथांत आहे, तीच जणू कोणी कार्यक्रमपत्रिका म्हणून छापावी, तसा हा प्रकार!

तरीही 'जाऊ नका' असे रुग्णांना सांगणारा वैद्य मी नाही. एक तर ते कोणी ऐकत नाही. दुसरे असे की, मी स्वतःच दरवर्षी जातो. आमच्या घरी बहिणी, मेहुणे, चुलतभाऊ, त्यांची मुले आणि दोन-तीन जुने वर्गमित्र असा पंधरा-वीस जणांचा मेळा आषाढ-श्रावणात एकदा ताम्हिणीकडे जातो. लग्नकार्याखेरीज ही सर्व मंडळी एकत्र येतात ती तेवढ्या एका रविवारी. आमची आई ऐंशीच्या घरात असताना गाडीच्या काचेतून धबधबे पाहून परतली आणि नंतर आठवडाभर तिला झोप चांगली लागली, हे मी वैद्य म्हणूनच नोंदवून ठेवले आहे. निषेधापेक्षा नियोजनाची भाषा आपण बोलली पाहिजे.

आहाराविषयी फार विस्तार करीत नाही, कारण ते आपण सारे जाणतोच. गंमत एवढीच की, घाटातल्या टपरीवर गरम कांदाभजी खाणारा माणूस नकळत शास्त्राचा निम्मा आधार घेत असतो. वारा-पावसाने कुंद झालेल्या दिवशी अम्ल, लवण आणि स्नेह स्पष्ट असलेले अन्न घ्यावे, असे चरकांचे मत आहे. मात्र दिवसभर तापत राहिलेल्या तेलात तळलेले बेसन मंदाग्नीला गुरू पडते, हा उरलेला निम्मा भाग तो सोयीने विसरतो. आमच्या घरून जुन्या तांदळाची मुगाची खिचडी, वर तूप, लिंबाचे लोणचे आणि सुंठ-जिऱ्याचे ताक असा डबा निघतो. भजीही खाल्ली जातात, पण कढईतून समोर काढलेली आणि चार-पाचच.

पाण्याबाबत मात्र तडजोड नाही. पावसाचे, विहिरीचे किंवा उकळून निवविलेले पाणी ग्रंथांनी सांगितले आहे. आज डोंगरी गावांतील उघड्या विहिरींत पावसाळ्यात वरचे वाहून आलेले पाणी शिरते, त्यामुळे या तिहींतला व्यवहार्य पर्याय उकळलेल्या पाण्याचाच उरतो. निर्मळीच्या बीने पाणी नितळ होते, परंतु नितळ झालेले पाणी निर्दोष झाले असे समजू नये. झऱ्याचे पाणी 'नैसर्गिक' म्हणून ओंजळीने पिणाऱ्यांमध्ये आपले विद्यार्थीही असतात, याचे वाईट वाटते.

बस्तिक्रम चालू असलेले रुग्ण श्रावणात हटकून विचारतात, "वैद्यराज, रविवारी एक दिवस जाऊन आलो तर?" परिहारकाल बस्तीच्या दिवसांच्या दुप्पट असतो, हे त्यांना आरंभीच लिहून द्यावे. त्या काळात प्रवासाचे धक्के, भिजणे आणि अवेळी जेवण या तिन्ही गोष्टी केलेल्या उपक्रमावर पाणी सोडतात. सहलीची तारीख आधी विचारून मगच बस्तीचा आरंभ ठरविणे, हा त्यातला सोपा मार्ग.

आता मूळ विषय. २०१९ च्या जुलैत, आषाढी एकादशीनंतरच्या रविवारी, आम्ही एकोणीस जण तीन गाड्यांतून मुळशीमार्गे ताम्हिणीस गेलो होतो. खाचरांत भाताची लावणी चालू होती. शेतकऱ्याची परवानगी घेऊन मुले चिखलात उतरली, दोन ओळी रोपे लावली, एकमेकांना लोळवले आणि मग ओढ्यात पाय धुऊन वर आली. माझा भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात होता. बांधावरच्या दगडाने त्याच्या नडगीला खरचटले होते. हळद लावून आम्ही तो विषय संपविला.

नवव्या दिवशी बहिणीचा दूरध्वनी आला, की पोराला थंडी वाजून ताप भरला आहे आणि अंग मोडून येते आहे. अंगमर्द, शिरःशूल, शीतपूर्वक ज्वर, ऋतू वर्षा. माझ्या मनात निदान तयारच होते. लंघन, षडंगोदक आणि त्रिभुवनकीर्ती अशी योजना दूरध्वनीवरच सांगितली. दुसऱ्या दिवशी ताप थोडा उतरला, मी निश्चिंत झालो. चौथ्या दिवशी बहीण त्याला घेऊन घरीच आली. डोळे लाल, परंतु चिकटा नाही. डोळ्यांत किंचित पिवळी झाक. माझे मन ज्वराकडून कामलेकडे वळले आणि हात आरोग्यवर्धिनीच्या डबीकडे गेला.

आमचे औषधालय सौ. सांभाळते. ती वैद्य नाही, पण पंचवीस वर्षे गल्ल्यावर बसून माणसे पाहिलेली आहे. त्याला बाकावर बसताना तिने पाहिले आणि म्हणाली, "अहो, हा पाय टेकताना दचकतोय. पोटऱ्या दाबून पाहिल्यात का?" पोटऱ्यांना हात लावताच पोरगा "मामा, नको!" म्हणून ओरडला. तिचा दुसरा प्रश्न त्याला होता, "लघवीला शेवटचा कधी गेलास रे?" आदल्या रात्री, असे उत्तर आले. तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. मग ती माझ्याकडे वळून एवढेच म्हणाली, "त्या दिवशी चिखलात याच्या पायातून रक्त आलं होतं."

तासाभरात आम्ही त्याला रुग्णालयात दाखल केले. तेथील डॉक्टरांनी लेप्टोस्पायरोसिसचा संशय धरून, तपासणीच्या निष्कर्षाची वाट न पाहता, प्रतिजैविक सुरू केले. मूत्रपिंडांवर परिणाम झालेला होता. आठ दिवसांनी मुलगा घरी आला, पुढे महिनाभर अशक्त होता आणि मग पूर्ववत झाला. आणखी दोन दिवस मी कामलेच्या मागे लागलो असतो तर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळतो.

या व्याधीचा जंतू उंदीर, गुरे, कुत्री, डुकरे यांच्या मूत्रावाटे पाण्यात आणि चिखलात येतो व त्वचेवरील जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या श्लेष्मल त्वचेतून शरीरात शिरतो. भाताचे खाचर ही त्याला अनुकूल जागा. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या ज्वराची जी साथ आली, ती अनेक वाचकांना आठवत असेल. परंतु पूर आला तरच तो होतो असा समज तिच्यामुळे रूढ झाला, तो काढून टाकावा. लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात. क्वचित त्याहून लवकर, क्वचित महिन्यानेही. म्हणजे रुग्ण येतो तेव्हा सहल त्याच्या बोलण्यातून गेलेली असते. पहिल्या आठवड्यात रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी नकारात्मक येऊ शकते, म्हणून तेवढ्यावर विसंबून 'नाही' म्हणू नये.

असाच दुसरा ज्वर स्क्रब टायफसचा. उंच गवतात बसल्या-लोळल्याने अतिसूक्ष्म कीटकाच्या अळीचा दंश होतो आणि त्या जागी पुष्कळदा काळी, न दुखणारी खपली धरते. ती काख, जांघ, कंबर अशा झाकलेल्या जागी असते, रुग्ण दाखवत नाही आणि आपण पाहत नाही. दोन्ही व्याधींत योग्य प्रतिजैविक वेळेवर मिळाल्यास रुग्ण सामान्यतः बरा होतो. उशीर झाल्यास वृक्क, यकृत, फुप्फुस यांवर संकट येते. आमपाचन, बलरक्षण आणि पुढील रसायन यांत आपले स्थान निश्चित आहे, पण ते रुग्णालयातील उपचारांच्या जोडीने आणि त्यानंतर.

त्या प्रसंगापासून आमच्याकडे जून ते ऑक्टोबर या काळातील प्रत्येक ज्वररुग्णाच्या पत्रकावर नाव-वयाखाली एक ओळ छापलेली आहे: 'गेल्या महिन्यात कोठे गेला होता? चिखल, ओढा, गवत, जखम?' निदानपंचकात हेतू प्रथम सांगितला आहे, आणि तोच मी दूरध्वनीवर विचारला नव्हता.

औषधालयचालक बंधूंनाही येथे एक विनंती आहे. सोमवारी सकाळी "तापावरचं काहीतरी द्या" म्हणणाऱ्या ग्राहकाला त्रिभुवनकीर्तीची डबी चटकन दिली जाते. त्या कल्पात वत्सनाभ आणि हिंगुळ आहेत. ही दोन्ही द्रव्ये औषधी नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये मोडतात आणि म्हणून वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर छापावी लागते. ती सूचना केवळ ग्राहकाने वाचण्यासाठी असते असे मला वाटत नाही. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल वा पिवळे, लघवी कमी किंवा धाप लागते, यांपैकी काहीही असल्यास डबी न देता माणसाला रुग्णालयात पाठवावे. एका डबीचा नफा केवढा असतो, हे आपण जाणतोच.

सर्पदंशाचा प्रसंगही सहलीत येऊ शकतो आणि वैद्य बरोबर असला की सारे त्याच्याकडे पाहतात. सुश्रुतांनी दंशाच्या वर अरिष्टाबंधन सांगितले ते त्या काळच्या साधनांनुसार. आज घट्ट बंध बांधणे, छेद देणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. अवयव स्थिर ठेवून, रुग्णाला न चालवता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या जवळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे. सहलीच्या वाटेवर असे रुग्णालय कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवलेले बरे.

पाण्याच्या ओढीचे काय? ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही दिवस रविवार होते. वाग्भटांच्या दिनचर्याध्यायात सद्वृत्त सांगताना, बाहूंनी पोहत नदी ओलांडू नये आणि ज्याच्या भक्कमपणाविषयी शंका आहे अशा नावेत वा झाडावर चढू नये, असा उपदेश आहे. प्रथम वर्षाला हा भाग शिकवताना मी तो पूर्वी घाईने उरकत असे, कारण परीक्षेत त्यावर क्वचितच विचारतात. आता तेथे थांबतो आणि वर्गातील मुलांना विचारतो की, गेल्या रविवारी तुमच्यापैकी कोण कोठे उभे होते. पहिल्यांदा विचारले तेव्हा निम्म्या वर्गाने मान खाली घातली होती.

असो. यंदाची आमची सहल श्रावणात ठरली आहे. भाचा आता नोकरीला आहे आणि संयोजन त्याच्याकडेच असते. परवा त्याने सर्वांना पाठविलेल्या सूचनापत्रात पहिली ओळ 'गमबूट आणणे' अशी आहे, दुसरी 'कोरड्या कपड्यांचे दोन जोड', तिसरी 'ज्याला जखम असेल त्याने मामीला आधी दाखवावी'. 'मामांना' असे त्याने का लिहिले नाही, हे मी त्याला विचारलेले नाही.