पाठमोरा हंजला

घरात लहान मुले असली की कार्टूनमधल्या पात्रांची नावे आई-वडिलांनाही पाठ होतात. मोठे डोळे, गुबगुबीत गाल, हसरा चेहरा. मुलांचा जीव जडावा म्हणूनच ती तशी काढलेली असतात. अरब जगात मात्र पन्नासहून अधिक वर्षे लोकांच्या मनात घर करून असलेल्या एका कार्टूनमधल्या मुलाचा चेहरा सहसा दिसतच नाही. अनवाणी पाय, ठिगळ लावलेले कपडे, काट्यांसारखे उभे केस आणि पाठीमागे बांधलेले हात. त्याचे नाव हंजला.

हे नाव आपल्याला नवे नाही. हजरत हंजला (रजि.) यांच्या नावावरून आपल्याकडेही मुलांची नावे ठेवतात. व्यंगचित्रातल्या हंजलाचे नाव मात्र एका वेलीशी जोडलेले आहे. अरबीत ‘हंजल’ म्हणजे आपले कडू इंद्रायण. फळ अतिशय कडू, पण मुळे इतकी खोल की वरून तोडली तरी वेल पुन्हा फुटते.

हंजलाचे जनक नाजी अल-अली हे पॅलेस्टाईनच्या गालील भागातल्या अश-शजरा गावचे. १९४८ मध्ये लाखो पॅलेस्टिनी बेघर झाले, त्यांत हे कुटुंबही होते. लेबनॉनमधल्या सैदा शहराजवळच्या ऐन अल-हिलवे या निर्वासित छावणीत ते येऊन पडले. नाजी तेव्हा दहाएक वर्षांचे होते. तरुणपणी तुरुंगवास घडला, तेव्हा कोठडीच्या भिंतींवर ते चित्रे काढत. छावणीतली त्यांची रेखाटने प्रसिद्ध लेखक गस्सान कनफानी यांच्या नजरेस पडली आणि १९६१ मध्ये त्यांनी ती छापली. पुढे नाजी कुवेतला गेले. तिथल्या ‘अस-सियासा’ या दैनिकात १९६९ मध्ये हंजला पहिल्यांदा अवतरला.

हंजलाचे वय दहा वर्षे. नाजींनी गाव सोडले तेव्हाचे त्यांचे वय तेच त्यांनी हंजलाला दिले. मुले वाढतात हा निसर्गाचा नियम, पण तो हंजलाला लागू नाही. घरी परतेल तेव्हाच तो मोठा होऊ लागेल, असे नाजी सांगत. आज ते हयात असते तर ऐंशी पार केलेले असते. हंजला अजून दहाच वर्षांचा आहे.

सुरुवातीला हंजलाचा चेहरा दिसत असे. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर त्याने वाचकांकडे पाठ फिरवली आणि हात मागे बांधले. अमेरिकेच्या मर्जीने पुढे केल्या जाणाऱ्या तोडग्यांना नकार, असा त्याचा अर्थ नाजींनीच सांगितला होता. पण चित्रकलेच्या दृष्टीने या एका बदलाने वेगळीच किमया केली. एरवी कार्टूनमधले पात्र आपल्याकडे पाहते आणि आपण त्याच्याकडे. इथे आपण हंजलाच्या मागे उभे असतो. तो पाहतो तेच आपल्याला पाहावे लागते. समोर असतो छावणीतला हडकुळा गरीब माणूस, कधी गळ्यात घराची किल्ली घातलेली फातिमा, कधी गोगलगायीसारखे बिनपायांचे लठ्ठ पुढारी. हंजला बहुतेक वेळा काही बोलत नाही. तो तिथून हलत मात्र नाही.

आपल्या आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ही असाच मुका साक्षीदार. पण त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ आपल्याला दिसतो आणि हसू येते. हंजलाच्या चेहऱ्यावर काय आहे, हे ज्याचे त्याने मनात भरायचे. कुणी तिथे स्वतःला पाहतो, कुणी आपल्या मुलाला. शिवाय त्याला काढणे सोपे. एक गोल डोके, थोडे काटे, एक ठिगळ. खडू किंवा कोळशाचा तुकडाही पुरतो. म्हणूनच तो वर्तमानपत्रातून निघाला आणि बेथलेहेमजवळच्या विभाजक भिंतीपर्यंत पोचला. जुलै २०२५ मध्ये गाझासाठी मदत घेऊन निघालेले एक जहाज इस्रायली सैन्याने समुद्रातच अडवले. त्या जहाजाचे नावही ‘हंजला’ होते.

हंजलाच्या लोकप्रियतेचे आणखी एक कारण आहे आणि ते आपण विसरता कामा नये. नाजींची लेखणी केवळ इस्रायल आणि अमेरिकेवर चालली नाही. अरब राज्यकर्त्यांची ऐषआरामी वृत्ती, त्यांचे मौन, खुद्द पॅलेस्टिनी नेतृत्वाच्या चुका, सारे त्यांनी त्याच काळ्या शाईत काढले. शत्रूचे दोष दाखवले तर आपल्यात टाळ्या मिळतात. आपल्यांचे दाखवले तर धमक्या येतात. त्यांनाही आल्या. १९८५ मध्ये कुवेत सोडून ते लंडनला गेले. २२ जुलै १९८७ रोजी तिथे ‘अल-कबस’ दैनिकाच्या कार्यालयाबाहेर त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि २९ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. गोळी झाडणारा आजवर सापडलेला नाही. तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, लंडन पोलिसांनी माहितीसाठी लोकांना पुन्हा आवाहन केले होते. मृत्यूनंतर वर्षभराने, १९८८ मध्ये, जागतिक वृत्तपत्र प्रकाशक संघटनेने नाजींना ‘गोल्डन पेन ऑफ फ्रीडम’ हा सन्मान दिला.

असा हंजला मुलांना दाखवावा का, असा प्रश्न काही आयांना पडेल. बातम्यांतली रक्ताळलेली दृश्ये आपण मुलांपासून लपवतो आणि ते योग्यच आहे. पण जगात काय चालले आहे हे मुले विचारतातच. तेव्हा त्यांच्याच वयाच्या या मुलाची ओळख करून देणे सोपे जाते. तो कसा दिसतो, अनवाणी का आहे, मोठा का होत नाही, हे सांगा. त्याला काढणाऱ्या माणसाने आपल्याच माणसांच्या चुकांकडेही डोळेझाक केली नाही, हेही जरूर सांगा. मग कागद-पेन्सिल देऊन पाठमोरा हंजला काढायला लावा आणि विचारा, तुझ्या हंजलासमोर काय आहे? मूल जे काढेल ते दूरच्या गाझाचे असेल किंवा आपल्याच मोहल्ल्यातले. चित्र पूर्ण होईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहा.