साक्री ते पारोळा: दगडाची भिंत आणि दगडाची खाण

सुरतेहून नागपूरकडे निघालं की साक्री, धुळे, पारोळा ही गावं महामार्गावर याच क्रमाने लागतात. भूशास्त्रज्ञांनी हीच तीन नावं जोडून एका दगडी भिंतीला दिली आहेत. तिची लांबी ७९ किलोमीटर! ती कुणी बांधली नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे लोट पसरत होते, तेव्हा नर्मदा-तापीच्या पट्ट्यातली जमीन उत्तर-दक्षिण ताणली जाऊन तिला पूर्व-पश्चिम भेगा पडल्या. त्या भेगांत चढलेला तप्त रस जागच्या जागी गोठला. त्यालाच डाइक किंवा भित्त म्हणतात.

मुंबईच्या आयआयटीतले हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नंदुरबार-धुळे भागात अशा किमान २१० भित्ती नोंदवल्या आहेत. सगळ्यात बारीक ३ मीटर जाडीची, सगळ्यात जाड ६२ मीटरची. कित्येक ठिकाणी आजूबाजूचा खडक पाऊस-वाऱ्याने झिजून गेला आणि भित्त मागे राहिली. माळावर सरळ रेषेत धावणारी, अंगावर फारसं गवत नसलेली काळी टेकडी दिसली की बहुधा ती हीच. जवळ जाऊन पाहावं. रस दोन्ही बाजूंच्या थंड खडकाला टेकून आत गोठत गेल्यामुळे त्याचे खांब आडवे तयार होतात. सरपणाची मोळी रचून ठेवावी तसे एकावर एक पडलेले. कडेचा दगड झटकन थंड झाल्याने बारीक कणांचा, मधला सावकाश निवाल्याने जाड कणांचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ती घाई आणि तो सावकाशपणा आजही भिंगाखाली दिसतो.

धुळे-जळगावात खाण म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती दगडाची. सरकारी भाषेत गौण खनिज. पण रस्ता, पूल, रेल्वेमार्ग, घराचा स्लॅब, सगळं याच खडीवर उभं आहे. खडीला हवा घट्ट, निबर दगड. लाव्हाच्या थराचा गाभा तसा असतो आणि भित्तीचा दगडही बहुधा तसाच. थराचा माथा मात्र वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला असतो, तो रोलरखाली पिचतो. म्हणून खाणवाल्याला वरची माती, मुरूम आणि पोकळ दगड बाजूला सारत खाली जावं लागतं. खरी अडचण इथून सुरू होते.

खाली जायला वाट लागते. भरलेला डंपर वर चढवायचा तर साधारण १६ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर चढ, असा उतार धरतात. खाण ३० मीटर खोल न्यायची असेल तर हिशेबाने जवळपास अर्धा किलोमीटर रस्ता खाणीच्या पोटातच वळवून बसवावा लागतो. लहान पट्ट्याच्या खाणीत एवढी जागा कुठून आणणार? मग चढ उभा होतो, कड उभी कापली जाते आणि माणसं मरतात. कठीण दगडातल्या पायरीची उंची ६ मीटरच्या वर नसावी, हा खाणसुरक्षेच्या १९६१च्या नियमांतला दंडक याच भीतीतून आला आहे. त्यातही लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. पहिला लोट निवल्यावर दुसरा येईपर्यंत जी सवड मिळाली, त्यात खडक झिजून झालेली ही माती. पाणी तिच्यावरून पाझरतं आणि ती ओली झाली की वरची पायरी तिच्यावर घसरू शकते.

आणि जो पोकळ दगड खडीवाल्याला नकोसा, त्याच्याच पोटात जळगावचं नाव जगभर नेणारी वस्तू आहे. त्या बुडबुड्यांत पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं आणि स्फटिक वाढले: स्टिल्बाइटचे गुलाबी-केशरी जुडगे, त्यावर अपोफिलाइटचे चौकोनी, काचेसारखे मनोरे. काही अपोफिलाइट हिरवे असतात, ते अंगातल्या किंचित व्हॅनेडियममुळे. यांच्या घडणीतच पाणी असतं. तापवलं की बाहेर पडतं. परदेशातल्या संग्रहालयांत अशा स्फटिकांखालच्या चिठ्ठीवर ‘जळगाव’ छापलेलं असतं. एका सुरुंगाने त्यांचा चुरा होतो, म्हणून पोकळी लागली की जाणता कामगार यंत्र थांबवून छिन्नी-हातोडी हातात घेतो. हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं.

पण सगळ्यात अवघड प्रश्न पाण्याचा. खाणीचा तळ आसपासच्या विहिरींच्या पाणीपातळीखाली गेला की पाणी खाणीकडे वाहू लागतं. मोटर लावून ते उपसायचं आणि नाल्यात सोडायचं, ही रोजची पद्धत. ते पाणी शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीतलं असू शकतं, हे उपसताना दिसत नाही. भित्तीपाशी गोष्ट आणखी गुंतते. अखंड, घट्ट भित्त जमिनीखाली पाणी अडवून धरते. वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी टिकतं, खालच्या अंगाला ओढ बसते. तडे गेलेली भित्त उलट स्वतःच पाणी साठवते. साक्री तालुक्यातल्या भित्ती दुष्काळी भागातले पाणीसाठे ठरू शकतात, असं भूशास्त्रज्ञ रेमंड दुरईस्वामी यांनी २००५ साली मांडलं. म्हणजे खडीसाठी जो दगड उत्तम, तोच कुठे कुठे गावाचा भूमिगत बंधारा असतो. तो पाणीपातळीच्या खालपर्यंत फोडला तर पुन्हा बांधता येत नाही.

दगड लागणारच, खाणी चालणारच. पण भित्तीवर परवाना देण्याआधी काही कामं व्हायलाच हवीत आणि ती अवघड नाहीत. भित्त जमिनीखाली कुठवर जाते ते विद्युत सर्वेक्षणाने पाहता येतं. दोन्ही अंगांच्या विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर मोजता येते. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची पातळी वेगळी निघाली, तर ती भित्त पाणी अडवते आहे असा संशय घ्यावा आणि खाणीचा तळ पाण्याच्या वरच थांबवावा. उपसलेलं पाणी नाल्यात न सोडता पाइपने वरच्या अंगाच्या शेततळ्यात द्यावं. त्याचा खर्च परवान्याच्या अटींतच लिहिलेला असावा.