समाधान मोजायचे ते कोणाचे?

सेवा ही वस्तूप्रमाणे आधी तयार करून गोदामात ठेवता येत नाही. ती देणारा आणि घेणारा यांच्या व्यवहारातच घडते, आणि म्हणून ती घेणाऱ्या माणसाला वगळून तिच्या दर्जाची तपासणी पुरी होत नाही. बँका, रुग्णालये, विमा कंपन्या, महापालिका या सर्वांना हे तत्त्व मान्य आहे. काउंटरवरच्या अभिप्राय-वहीपासून काम आटोपताच मोबाइलवर येणाऱ्या ‘पाच तारे द्या’ या विनंतीपर्यंत समाधान विचारण्याची रीत आता सर्वत्र रुळली आहे. मात्र हा प्रश्न नेमका कोणाला विचारला, कोणत्या टप्प्यावर विचारला, आणि मिळालेले उत्तर ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्यापर्यंत पोहोचले की नाही, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही, आणि समाधानाची आकडेवारी उपयोगी ठरते की निरुपयोगी, हे तर याच तीन गोष्टींवर अवलंबून असते.

सेवा व्यवस्थापन, म्हणजे एखादी सेवा आखणे, पुरवणे, तिच्यावर देखरेख ठेवणे आणि ती सुधारत नेणे यांची शिस्तबद्ध पद्धत, हा विषय माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात विशेष बारकाईने विकसित झाला. ब्रिटिश सरकारच्या संगणकविषयक मध्यवर्ती संस्थेने १९८० च्या दशकात सरकारी खात्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे संकलित केली, ती पुढे ‘आयटीआयएल’ या नावाने जगभर स्वीकारली गेली. या परंपरेत ग्राहक आणि वापरकर्ता यांच्यात स्पष्ट भेद केला जातो. सेवेकडून काय अपेक्षित आहे हे जो ठरवतो आणि तिच्या फलिताची जबाबदारी घेतो तो ग्राहक, जो ती रोजच्या कामात प्रत्यक्ष वापरतो तो वापरकर्ता, आणि जो तिच्या खर्चाला मंजुरी देतो तो पुरस्कर्ता. किराणा दुकानात या तिन्ही भूमिका बहुधा एकाच माणसाकडे असतात, परंतु मोठ्या संस्थांत आणि सार्वजनिक सेवांत त्या वेगवेगळ्या माणसांकडे जातात, आणि तिथेच अडचणीला सुरुवात होते.

पुण्याच्या हिंजवडीत बसून परदेशी कंपन्यांचे सर्व्हिस डेस्क सांभाळणाऱ्या अभियंत्यांना ही अडचण चांगली परिचयाची आहे. करार होतो तो परदेशातील मुख्यालयाशी, आणि त्यात अमुक दर्जाच्या तक्रारीला इतक्या मिनिटांत प्रतिसाद द्यायचा व इतक्या तासांत तिचे ‘तिकीट’, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करायचे, अशी कलमे असतात. अशा कराराला सेवास्तर करार किंवा रोजच्या बोलण्यात ‘एसएलए’ म्हणतात. महिनाअखेरच्या अहवालात सगळे रकाने हिरवे दिसत असताना शाखेतला कारकून मात्र तीच तक्रार तिसऱ्यांदा नोंदवत असतो, कारण तिकीट बंद झाले तरी त्याची अडचण तशीच राहिलेली असते. या अवस्थेला त्या व्यवसायात कलिंगडाची उपमा देतात: बाहेरून हिरवे, आत लाल. इथे कोणी खोटे बोललेले असेलच असे नाही. मुख्यालयाने जे मागितले ते मोजले गेले, आणि कारकुनाला काय हवे होते हे कोणी विचारलेच नाही.

समाधान म्हणजे काय, याचे एक मान्यताप्राप्त स्पष्टीकरण अमेरिकी अभ्यासक रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडले. त्यांच्या मते समाधान केवळ अनुभवातून उपजत नाही, तर अपेक्षा आणि अनुभव यांच्या तुलनेतून निर्माण होते. पुढे १९८५ मध्ये परशुरामन, झाइटहॅमल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी ही तुलना व्यवस्थापनाच्या दारात आणून उभी केली. लोकांची अपेक्षा आणि त्यांना जाणवलेली सेवा यांत जी दरी दिसते ती संस्थेच्या आत पडलेल्या चार दऱ्यांतून तयार होते, असे त्यांनी दाखवले. लोकांना काय हवे याची व्यवस्थापकांची समजूतच चुकीची असते; समजूत बरोबर असली तरी तिला साजेसे निकष ठरवलेले नसतात; निकष असले तरी प्रत्यक्ष काम त्यांना धरून होत नाही; आणि काम ठीक झाले तरी जाहिरातीत किंवा आश्वासनात त्याहून अधिक कबूल केलेले असते. या मांडणीचे महत्त्व असे की असमाधान म्हणजे लोकांची कुरकुर, या समजाला तिने धक्का दिला आणि दोष कोणत्या निर्णयात आहे हे शोधण्याची वाट दाखवली.

शहरातील पाणीपुरवठ्याचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होते. पाणीपुरवठा विभाग दरडोई किती लिटर पाणी सोडले याचा हिशेब ठेवतो, आणि तो आवश्यकच आहे. परंतु चाळीत किंवा वस्तीत राहणाऱ्या गृहिणीच्या दृष्टीने पाणी कोणत्या वेळी येणार आणि ते ठरल्या वेळी येणार की नाही, हा प्रश्न तितकाच मोठा असतो, कारण पाण्याची वेळ हुकली की तिची मजुरी किंवा मुलाची शाळा बुडते. अशा ठिकाणी कोट्यवधी रुपये खर्चून पाण्याचे प्रमाण वाढवले आणि वेळापत्रक मात्र बेभरवशाचे ठेवले, तर समाधान फारसे वाढत नाही, आणि अधिकाऱ्यांना लोक कृतघ्न वाटू लागतात. वस्तुतः चूक पहिल्या दरीत, म्हणजे लोकांच्या गरजेविषयीच्या समजुतीत झालेली असते.

वापरकर्त्यांच्या समाधानाने सार्वजनिक सेवांच्या व्यवस्थापनावर खरोखर परिणाम घडवल्याचे भारतातील सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण बंगळूरुचे आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे माजी संचालक आणि जागतिक बँकेत काम केलेले अर्थतज्ज्ञ सॅम्युअल पॉल यांच्या पुढाकाराने तेथे नागरिकांकडून शहरातील सेवायंत्रणांचे प्रगतिपुस्तक तयार करून घेण्यात आले. पहिले प्रगतिपुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी पब्लिक अफेअर्स सेंटर ही संस्था स्थापन झाली. ‘आपण समाधानी आहात का’ एवढ्या एका प्रश्नावर ही पाहणी थांबली नाही, ही तिची खरी ताकद होती. काम होण्यासाठी किती हेलपाटे घालावे लागले, कर्मचाऱ्यांची वागणूक कशी होती, तक्रार खरोखर सुटली का, आणि काम पुढे सरकावे म्हणून वरकड पैसे द्यावे लागले का, असे नेमके प्रश्न नागरिकांना विचारले गेले. झोपडपट्टीतील कुटुंबांची पाहणी स्वतंत्रपणे झाली, कारण सरासरीत त्यांचा आवाज बुडून जाण्याची भीती होती. निष्कर्ष विदारक होते. सर्व यंत्रणा मिळून समाधानी नागरिकांचे सरासरी प्रमाण सुमारे ९ टक्के होते, आणि बंगळूरु विकास प्राधिकरणाच्या कामाविषयी समाधानी असणारे तर जेमतेम १ टक्का.

या आकड्यांना धार आली ती दोन कारणांनी. एक तर ते वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. आणि दुसरे म्हणजे वीज, पाणी, दूरध्वनी, महापालिका अशा वेगवेगळ्या यंत्रणा त्यांत एका रांगेत उभ्या केल्या होत्या. या सेवांपैकी बहुतेकींना प्रतिस्पर्धी नव्हता. नळाचे पाणी आवडले नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचे नळ घेण्याची सोय नागरिकांना नव्हती. बाजारात नाराज ग्राहक दुकान बदलतो आणि दुकानदाराला धडा मिळतो. मक्तेदारीत हा धडा मिळण्याची वाटच बंद असते, आणि प्रगतिपुस्तकाने ती जाहीर तुलनेच्या मार्गाने उघडली. तरीही पहिल्या पाच वर्षांत सुधारणा मर्यादितच झाली. १९९९ च्या दुसऱ्या पाहणीत समाधान सुमारे ३४ टक्क्यांवर गेले, पण लाच द्यावी लागल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाणही वाढले होते. समाधान आणि सचोटी नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. पैसे देऊन का होईना, काम वेळेत झाले याचेही लोक समाधान मानतात. समाधानाचा एकच एक आकडा पाहून निर्णय घेणाऱ्याने हे विसरता कामा नये.

खरा बदल घडला तो त्यानंतर. १९९९ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री झालेल्या एस. एम. कृष्णा यांनी इन्फोसिसचे नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली ‘बंगळूरु अजेंडा टास्क फोर्स’ हा कृतिगट नेमला. त्याच्या जाहीर परिषदांत यंत्रणांचे प्रमुख मुख्यमंत्र्यांसमोर आणि नागरिकांसमोर उभे राहून पुढील काळात काय करणार हे सांगत आणि आधी कबूल केलेल्याचा हिशेब देत. मालमत्ता कराची स्वयंमूल्यांकन पद्धत, घरोघरचा कचरा गोळा करण्याची व्यवस्था असे ठोस निर्णय या काळात झाले, आणि २००३ च्या तिसऱ्या पाहणीत सरासरी समाधान सुमारे ४९ टक्क्यांपर्यंत पोहोचले. पाहणीने दोष दाखवला, परंतु तो दूर करण्यासाठी अधिकार, पैसा आणि मुदत ही त्रयी एका ठिकाणी आणावी लागली. २००४ च्या निवडणुकीनंतर सरकार बदलले आणि कृतिगटाचे काम थांबले. नागरिकांच्या मताला कायद्याचे अधिष्ठान नसले तर ते एखाद्या नेत्याच्या इच्छेवर कसे विसंबून राहते, हेही बंगळूरुनेच दाखवून दिले.

ग्राहक आणि वापरकर्ता यांतील भेद आज सामान्य वाचकाला सर्वांत जवळून दिसतो तो पासपोर्ट सेवा केंद्रात. तेथे टोकन घेऊन ‘ए’ काउंटरवर बसणारे कर्मचारी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या खासगी कंपनीचे असतात. ते कागदपत्रे स्कॅन करतात, छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतात. पुढच्या ‘बी’ आणि ‘सी’ काउंटरवर पडताळणी आणि मंजुरीचे काम सरकारी अधिकारी करतात. कंपनीच्या दृष्टीने ग्राहक आहे परराष्ट्र मंत्रालय, आणि अर्जदार वापरकर्ता. केंद्रातला वेळ आटोपशीर झाला तरी अर्जदाराचा अनुभव तिथे संपत नाही; त्यानंतर राज्याच्या पोलिसांकडून पडताळणी होते, पासपोर्ट छापला जातो आणि टपालाने घरी येतो. पोलीस ठाण्यात काम रखडले तर अर्जदार ‘पासपोर्टला उशीर झाला’ असेच म्हणतो, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे, कारण त्याच्यासाठी सेवा एकच आहे. केंद्राच्या दारातच अभिप्राय घेतला तर तो फक्त आतल्या तासाभराविषयी असेल. मंत्रालयाने २०१७ पासून टपाल कार्यालयांतही पासपोर्ट केंद्रे उघडली, आणि २०२३ मध्ये दिल्ली पोलिसांना पडताळणीसाठी टॅबलेट व मोबाइल अ‍ॅप देण्यात आले. हे दोन्ही निर्णय केंद्राच्या चार भिंतींबाहेरच्या त्रासावरचे, म्हणजे लांबच्या प्रवासावरचे आणि रखडणाऱ्या पडताळणीवरचे आहेत, आणि म्हणूनच ते योग्य ठिकाणी पोहोचले असे म्हणावे लागेल.

मात्र समाधान हाच अंतिम निकष मानण्यातही धोका आहे. अपेक्षाच खालावलेल्या असतील तर तुटपुंजी सेवाही समाधानकारक वाटते; पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला आठवड्यातून दोनदा आलेला टँकर पुरेसा वाटू शकतो, पण म्हणून तेथील पाणीप्रश्न सुटला असे ठरत नाही. उलट, केवळ वेळेचा आकडा धरून बसले तर काय होते हे ब्रिटनमध्ये दिसले. तेथे अपघात विभागातील रुग्णांचा निर्णय चार तासांत लागलाच पाहिजे असे उद्दिष्ट ठरवल्यावर अनेक रुग्णांना चौथा तास भरायच्या शेवटच्या काही मिनिटांत दाखल केले जाऊ लागले. प्रतीक्षा कमी झाली हे खरे, पण कामाची लय रुग्णाच्या गरजेऐवजी घड्याळाला बांधली गेली. म्हणून मोजलेली वेळ आणि माणसाने सांगितलेला अनुभव ही दोन्ही मापे शेजारी शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने यातील एक माप कायद्यात आणले आहे. अधिसूचित सेवा किती दिवसांत मिळेल, ती कोणता पदनिर्देशित अधिकारी देईल आणि अपील कोणाकडे करायचे, हे कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे; कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते, आणि शेवटचे अपील लोकसेवा हक्क आयोगाकडे जाते. मात्र मुदतीची गणना परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून होते. जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जून महिन्यात तहसील कार्यालयात येणाऱ्या पालकाचा अर्ज त्रुटी दाखवून परत पाठवला, आणि पुन्हा दुसरी त्रुटी निघाली, तर मधले दिवस मुदतीत धरले जात नाहीत. कागदोपत्री सेवा वेळेत दिलेली असते आणि पालकाची मजुरी मात्र बुडालेली असते. हे अंतर दाखवणारा आकडा सरकारी नोंदीतून निघत नाही, तो अर्जदारालाच विचारावा लागतो. दाखला हाती पडल्यावर प्रत्येक अर्जदाराला किती खेपा घालाव्या लागल्या आणि फलकावरच्या शुल्काखेरीज काही द्यावे लागले का, हे दोनच प्रश्न विचारावेत, त्यांची उत्तरे कार्यालयवार प्रसिद्ध करावीत, आणि कर्मचारी किती नेमायचे व कोणता कागद मागायचा बंद करायचा हे त्या उत्तरांवरून ठरवावे, अशी मागणी नागरिकांनी आणि त्यांच्या लोकप्रतिनिधींनी आता शासनाकडे लावून धरली पाहिजे.