टांकसाळीची खूण

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका मुलानें आजीच्या पेटींतला चांदीचा रुपया मला दाखविण्यास आणिला. तो शोभिवंत दिसावा म्हणून त्यानें चिंच व राख लावून घांसला होता. रुपया चकाकत होता खरा. परंतु राजाच्या मुकुटावरील बारीक नक्षी पुसून गेली होती. "गुरुजी, ह्याचें मोल किती?" ह्या त्याच्या प्रश्नाचें उत्तर सर्व विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल, म्हणून येथें देतों.

आपलें म्हसळें पूर्वीं जंजिरा संस्थानांत होतें. तेथील टांकसाळींतून हिणकस नाणें निघतें म्हणून इंग्रज सरकारनें ती १८३४ सालीं बंद केली. पुढच्याच वर्षीं कंपनीच्या मुलखासाठीं एकाच छापाचा रुपया ठरला. असा एकसारखा रुपया मुंबई व कलकत्ता येथें पडूं लागला, म्हणजे कोणता कोठला हें ओळखण्यास खूणच हवी.

पंचम जॉर्जच्या रुपयाची मागील बाजू पाहावी. तळाशीं कमळ आहे. त्याखालीं उठावाचा बारीक ठिपका असल्यास रुपया मुंबईचा, नसल्यास कलकत्त्याचा. १९१८ सालीं मुंबईंत सुमारें १३ लक्ष सोन्याचे पौंड पाडले. त्यांवर घोडेस्वाराच्या खालील जमिनीवर, सनाच्या वर, 'आय्' हें इंग्रजी अक्षर आहे. हल्लींच्या नाण्यांवर खूण सनाखालीं असते: मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूणच नसते. म्हणजे जो ठिपका पूर्वीं मुंबईचा, तोच आतां नोएडाचा! सन पाहिल्यावांचून खूण वाचूं नये, तें ह्यासाठींच.

परंतु केवळ खुणेनें मोल वाढत नाहीं. दुर्मिळपणा व नाण्याची स्थिति ह्यांनीं तें वाढतें. १९४० पासून रुपयांतील चांदी बारा भागांपैकीं अकरांवरून निम्म्यावर आली. जुने चोख रुपये मुशींत गेले. त्यामुळें मुंबईचा १९३९ चा रुपया आज क्वचितच आढळतो, व संग्राहक त्यास चांदीच्या भावाहून कितीतरी पट अधिक देतात. अर्थात् त्याच्या बनावट प्रतीही फार निघतात.

त्या मुलाचा रुपया १९१९ चा, मुंबईचा निघाला. असे पुष्कळ सांपडतात. त्यांतून घांसल्यामुळें संग्राहकास तो नकोसाच झाला होता. मुलगा हिरमुसला. भिंगांतून ठिपका दाखवितांच मात्र त्याचे डोळे चमकले. विद्यार्थिमित्रहो, घरचें जुनें नाणें घांसण्यापूर्वीं किंवा सोनाराच्या हातीं देण्यापूर्वीं एकवार भिंगाखालीं धरा. गेलेली नक्षी पुन्हा येत नाहीं.