परतीचे पाकीट

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ‘छंद’ विशेषांकातले चांगले विषय वाटून झाले होते. नाणी गेली, काडेपेट्या गेल्या, जुन्या रेडिओंवरही कोणीतरी आधीच हात मारला होता. उरलेला विषय माझ्या पदरात पडला. अमेरिकेतले बेसबॉलवेडे लोक खेळाडूंना टपालाने त्यांचीच चित्रकार्डे पाठवतात आणि सही करून परत मागवतात, त्यावर लिहायचे. अमरगोळात बसून बेसबॉलवर काय लिहिणार? हुबळी आणि धारवाडच्या मधल्या या गावात शेतमालाचे मोठे यार्ड आहे, चालुक्यांच्या काळातले शंकरलिंगाचे देऊळ आहे, जाता-येता ‘चिगरी’ बस आहे. बेसबॉल नाही. तरी हो म्हटले. खेळाशी मला फारसे देणेघेणे नाही, टपालाशी आहे. रेल्वे मेल सर्व्हिसच्या ‘एचबी’ विभागाचे मुख्यालय शेजारी हुबळीत आहे, आणि पत्र कुठून कसे फिरून येते याची चौकशी करणे हा माझा जुना चाळा आहे.

कार्डांचा इतिहास झटपट उरकतो, कारण तो कुठेही मिळतो. आधी ती सिगारेटच्या पाकिटातून यायची. १९०९ ते १९११ या काळात निघालेले होनस वॅग्नरचे कार्ड आज कोट्यवधी रुपयांना जाते. पुढे बबलगमवाले आले. टॉप्स कंपनीच्या साय बर्गर यांनी १९५२ साली मोठ्या आकाराचा, रंगीत, मागे आकडेवारी छापलेला संच काढला. त्यातला न खपलेला माल १९६० साली त्यांनीच बोटीत भरून समुद्रात बुडवला. त्याच संचातले मिकी मँटलचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. १९५७ पासून कार्डाचा आकार अडीच बाय साडेतीन इंच ठरला, म्हणजे खेळायच्या पत्त्यांतल्या पानाएवढा. आपल्याकडे ‘बिग फन’ बबलगमच्या वेष्टणातल्या धावा आणि विकेटा ज्यांनी साठवल्या, त्यांना वेगळे समजावून सांगायला नको.

या छंदातली खरी करामत मात्र पाकिटात आहे. एका मोठ्या पाकिटात चार वस्तू जातात: पत्र, कार्ड, कार्ड दुमडू नये म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा, आणि दुसरे एक लहान पाकीट. या लहान पाकिटावर पाठवणाऱ्याने स्वतःचे नाव-पत्ता लिहिलेला असतो आणि पुरेसे तिकीट आधीच डकवलेले असते. खेळाडूला पाकीट शोधावे लागत नाही, पत्ता उतरवून घ्यावा लागत नाही, पोस्टात रांग लावावी लागत नाही. सही केली, कार्ड आत सरकवले, पेटीत टाकले. नाही म्हणायला जेवढ्या सबबी असतात तेवढ्या मागणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने काढून टाकलेल्या असतात. याचनेची इतकी सभ्य रीत मी दुसरी पाहिलेली नाही.

जाणकारांचे बारकावे तर ऐकत राहावे असे. पत्र हाताने लिहिलेले हवे, अर्ध्या पानाचे, आणि त्यात त्या खेळाडूबद्दलची अशी एखादी गोष्ट हवी की हे पत्र दुसऱ्या कोणाला लागू पडू नये. कार्डे एक किंवा फार तर दोन. पाच पाठवणारा विकायला बसला आहे हे खेळाडूला कळते. कार्डाला चकाकी असेल तर शाई धरत नाही, फिस्कटते. म्हणून पाठवण्याआधी त्यावरून टाल्कम पावडर किंवा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचे. पत्र धाडायचा उत्तम काळ फेब्रुवारी-मार्च. तेव्हा संघ फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोनात सरावाला जमलेले असतात, सामन्यांची धांदल नसते आणि खेळाडूंना बसायला वेळ असतो. निवृत्तांना घरी लिहायचे. त्यांच्या पत्त्यांची जाडजूड पुस्तके आयोवातले जॅक स्मॉलिंग वर्षानुवर्षे काढत आले. आणि लहान पाकिटाच्या आतल्या घडीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात खेळाडूचे नाव लिहून ठेवायचे. कारण सहा महिन्यांनी दारात पडणारे पत्र आपल्याच हस्ताक्षरातले असते आणि ते कोणाकडून आले हे बाहेरून अजिबात कळत नाही.

तिकिटाचा मुद्दा मला सर्वांत चिवट वाटला. सही सहा महिन्यांनी येईल की सहा वर्षांनी, कोण सांगणार? मधल्या काळात दर वाढले तर पाकीट अडकले. अमेरिकेच्या टपाल खात्याने २००७ साली ‘फॉरेव्हर’ तिकीट काढले. दर कितीही चढो, त्या तिकिटावर साधे पत्र जातेच. सहीवाल्यांच्या दृष्टीने हा वरच होता. पण आपण भारतातून लिहिणार असलो तर? अशोकस्तंभाचे तिकीट शिकागोच्या पेटीत कुचकामी. यावर जुना तोडगा म्हणजे ‘इंटरनॅशनल रिप्लाय कूपन’. १९०६ साली रोमच्या टपाल परिषदेत ते ठरले: कूपन इथे विकत घ्या, पत्रात घाला, पलीकडचा माणूस ते देऊन त्याच्या देशाचे तिकीट घेईल. देशोदेशींच्या चलनांतल्या फरकामुळे या कूपनात नफा आहे असे सांगून चार्ल्स पॉन्झीने १९२० साली बॉस्टनकरांना बुडवले. लोकांना पैसे दुप्पट करून देणाऱ्या प्रत्येक योजनेला आज ज्याचे नाव लागते तो हाच पॉन्झी. अमेरिकेने ही कूपने विकणे २०१३ साली थांबवले. त्याच वर्षी तिथे ‘ग्लोबल फॉरेव्हर’ नावाचे गोल तिकीट निघाले. एक औंसापर्यंतचे पत्र ते जगात कुठेही पोचवते. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, आणि कार्ड दोन ग्रॅमही भरत नाही. तिकडे मुलगा-सून असलेल्या एका शेजारणीने सुट्टीवरून येताना मला अशा गोल तिकिटांची पट्टी आणून दिली. टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसलो. अमरगोळात लिहिलेल्या पत्त्यावर, अमरगोळला परत येण्यासाठी, अमेरिकेचे तिकीट.

आपल्याकडे सहीची परंपरा मैदानाशी जोडलेली आहे. नेटजवळ ताटकळायचे, हॉटेलच्या दारात उभे राहायचे, वही पुढे करायची. डोंबिवलीच्या सतीश चाफेकरांनी जमवलेल्या हजारो सह्यांची कीर्ती मराठी वाचकाला ठाऊक आहे. संदीप पाटील संपादक असलेले ‘एकच षटकार’ वाचून वाढलेल्या पिढीनेही वहीच पुढे केली. पण क्रिकेटमध्ये एक माणूस असा होता की त्याच्यासाठी वही उपयोगाची नव्हती. डॉन ब्रॅडमन भारतात कधी खेळलेच नाहीत. १९५३ साली इंग्लंडला जाताना कलकत्त्याच्या विमानतळावर विमान थांबले, तेवढाच त्यांचा भारतभूमीशी संबंध. त्यामुळे त्यांची सही हवी असलेल्या भारतीयासमोर एकच वाट होती, आणि ती पोस्टाच्या पेटीतून जात होती.

ब्रॅडमन अ‍ॅडलेडच्या केन्सिंग्टन पार्कमध्ये राहायचे. निवृत्तीनंतर दशकानुदशके, अगदी म्हातारपणीही, ते रोज काही तास टपालाला देत. बरीच उत्तरे स्वतः टाइप करायचे, खाली सही. समारंभांना टाळाटाळ, मुलाखतीला नकार, आणि एखाद्या अनोळखी शाळकरी पोराच्या पत्राला मात्र उत्तर. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी नभोवाणीने प्रत्येक राज्याच्या राजधानीत आपल्या टपालपेटीचा क्रमांक ९९९४ ठेवला, तो ब्रॅडमनच्या ९९.९४ या सरासरीवरून, असे सांगतात. मला ते आवडते. ज्याने आयुष्यभर इतके टपाल हाताळले त्याचे स्मारक टपालपेटीवरच असावे. २५ फेब्रुवारी २००१ ला ते गेले.

इथे मला धारवाड आठवल्याशिवाय राहत नाही. अमरगोळहून बसने थोडक्यात गाठावे असे ते गाव. तिथल्या कॉलेजात जी. ए. कुलकर्णी तीसेक वर्षे इंग्रजी शिकवत होते. सभा नाही, भाषण नाही, सत्कार नाही. ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्यांनी परत केला. महाराष्ट्रातल्या बहुतेक वाचकांनी हा माणूस कधी पाहिला नाही. आणि पत्रे? त्यांच्या निवडक पत्रांचे खंडच्या खंड निघाले. ब्रॅडमन आणि जी. ए. यांना एका ओळीत बसवणे दोघांच्याही चाहत्यांना रुचणार नाही; पण माझे मत असे की टपाल ही भिडस्तांची सोय आहे. समोर आलेल्या माणसाला त्याच्या वेळेला तोंड द्यावे लागते. पत्राला आपण आपल्या वेळेला, दार लावून, हवे तेवढेच उत्तर देतो.

बेसबॉलमधल्या सहीकारांत माझे मन बसले ते हार्मन किलब्रूवर. मिनेसोटा ट्विन्सचा हा दांडगा फटकेबाज, नावावर ५७३ होम रन. पण ट्विन्सचे पुढच्या पिढीचे खेळाडू टोरी हंटर आणि मायकेल कडायर त्याच्याबद्दल सांगतात ते अक्षराविषयी. हंटरची घाईतली गिचमिड सही बघून किलब्रूने त्याला चांगलेच सुनावले: तुझ्यानंतर कोणा पोराच्या हाती हे पडले तर ते कोणाचे म्हणून वाचणार? तेव्हापासून हंटर अक्षर न अक्षर काढू लागला. किलब्रूची सही पाहिलीत तर शाळामास्तराने फळ्यावर लिहावे तशी आहे; एच आणि के भरघोस, शेवटचा डब्ल्यू पूर्ण. आजच्या खेळाडूंच्या सह्या बहुधा एक वेटोळे आणि पाठीवरचा क्रमांक एवढ्यावर भागतात. हजार कार्डे पुढ्यात असली की हात असाच चालणार, हेही खरे.

हजार कार्डे पुढ्यात का असतात, इथून या छंदाच्या अडचणी सुरू होतात. १९९० साली अपर डेक कंपनीने रेजी जॅक्सनने सही केलेली २,५०० कार्डे आपल्या पाकिटांत मिसळली. त्यानंतर कंपन्या खेळाडूला पैसे देऊन सह्या करून घेऊ लागल्या; आता तर पारदर्शक चिकटपट्टीवर सह्यांचे तावच्या ताव भरतात आणि त्या पट्ट्या नंतर कार्डांवर चिकटवतात. ज्या कामाचे दाम मिळतात ते पोस्टाच्या तिकिटावर फुकट का करायचे, असे खेळाडूला वाटले तर त्याला दोष कसा देणार? काहीजण सहीमागे ठरावीक रक्कम मागतात आणि ती एखाद्या संस्थेला देतात. आपल्याला यात नवे काही नाही. गांधीजी सहीचे पाच रुपये घ्यायचे, हरिजन फंडासाठी.

दुसरी अडचण खोटेपणाची. बड्या खेळाडूंच्या नावाने क्लबातला नोकरच चेंडूंवर सह्या करायचा, ही जुनी कथा आहे. राजकारणी मंडळींसाठी १९४०च्या दशकापासून ‘ऑटोपेन’ नावाचे यंत्र आहे. ते एकच सही कितीही वेळा हुबेहूब उमटवते, आणि ती हुबेहूब असते म्हणूनच पकडली जाते. माणसाची कोणतीही दोन वेळची सही एकमेकींवर तंतोतंत बसत नाही. १९९०च्या दशकात बनावट सह्यांचा धंदा इतका बोकाळला की सॅन दिएगोच्या संघाच्या स्वतःच्या दुकानातच खेळाडू टोनी ग्विनला आपल्याच नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने टोळी पकडली. जप्त झालेल्या मालात मदर टेरेसांची सही असलेला बेसबॉल होता. हसावे की रडावे!

त्यानंतर २००१ पासून बेसबॉलच्या संघटनेने साक्षीदारासमोर सही, मग होलोग्राम, अशी पद्धत लावली. टपालाने आलेल्या सहीला साक्षीदार नसतोच. खेळाडूने एकट्याने, स्वयंपाकघराच्या टेबलावर केलेली सही बाजारात संशयित ठरते. तिच्या खरेपणाचा पुरावा म्हणजे तुमच्या हस्ताक्षरातले पाकीट आणि त्यावरचा शिक्का, आणि तो फक्त तुम्हालाच पटतो. विकायचे असेल तर हा तोटा. ठेवायचे असेल तर काही बिघडत नाही.

तिसरी अडचण मला सर्वांत जास्त सतावते, आणि ती खुद्द टपालाची आहे. २०२५च्या ऑगस्टअखेर अमेरिकेच्या नव्या जकात नियमांमुळे भारतीय टपाल खात्याने तिकडचे बुकिंग बंद केले. सुरुवातीला पत्रे आणि कागदपत्रे वगळली होती, पण काही दिवसांत तीही थांबली. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली. तेवढ्या काळात अर्ध्या वाटेवर असलेल्या पाकिटांचे काय झाले असेल, या विचाराने माझी झोप उडाली होती. त्याच सुमारास आपल्याकडचे रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. डेन्मार्कने तर १६२४ पासून चालत आलेले सरकारी पत्रवाटप २०२५ संपताना बंदच करून टाकले. जिथे टपाल खातेच पत्र वाटत नाही तिथे परतीच्या पाकिटाला अर्थ काय राहिला?

आपल्याकडे पोस्टमन अजून येतो. पिन कोड बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृतचे कवी होते. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्यांचे सहा आकडे चालू आहेत आणि ते नीट लिहिले तर पत्र सहसा चुकत नाही. म्हणजे हा छंद इथल्या इथेही करता येतो; अमेरिकेच्या गोल तिकिटाची गरज नाही, बेसबॉल कळायचीही नाही. पुणे, कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी इथे रणजी खेळलेले कितीतरी वयस्क खेळाडू आहेत, ज्यांना वर्षानुवर्षे कोणी सही मागितलेली नाही. त्यांच्या राज्य संघटनेच्या पत्त्यावर लिहा. घरातल्या पोरांकडून लिहून घेतलेत तर उत्तमच. त्यांच्या एखाद्या डावाचा उल्लेख करा, एकच फोटो किंवा कोरे कार्ड घाला, फोनसाठी आग्रह धरू नका. २० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ५ रुपयांचे तिकीट लागते; जाणाऱ्या पाकिटाला एक आणि परतीच्या पाकिटाला एक.