वनहक्काचा दावा नामंजूर झाला, पुढे काय?

आहुपे, हातवीज, इंगळूण, घाटघर अशा गावांत, म्हणजे आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, जमिनीचा विषय निघाला की सातबाऱ्याआधी फॉरेस्टचं नाव येतं. खाचर आजोबांनी काढलेलं असतं, बांध वडिलांनी घातलेले असतात, पण कागदोपत्री मालक वनखातं. 2006 च्या वनहक्क कायद्याने अशा कसणाऱ्यांना दावा करता येऊ लागला. 13 डिसेंबर 2005 रोजी जमीन ताब्यात होती आणि ती आपणच कसतो, हे आदिवासी कुटुंबाने दाखवायचं. हक्क मिळतो तो प्रत्यक्ष ताब्याइतका, जास्तीत जास्त चार हेक्टर. बिगर-आदिवासी वननिवासींना त्याशिवाय तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो.

दावा कसा भरायचा हे गावात कोणी ना कोणी सांगतं. नामंजुरीनंतरची वाट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

आधी एक विचारून घ्यावं: दावा नेमका कोणी नाकारला? ‘वर नामंजूर झाला’ एवढं उत्तर पुरेसं नाही. वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते आणि त्यावर ग्रामसभा ठराव करते. ठराव मंचरला प्रांतांच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीकडे जातो. ती समिती तपासून शिफारस करते. अंतिम निर्णय पुण्याच्या जिल्हास्तरीय समितीचा, आणि तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. प्रत्येक पायरीवरची दाद वेगळी आहे. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे जायचं, उपविभागीय समितीविरुद्ध जिल्हा समितीकडे. मधली पायरी गाळून थेट पुण्याला अर्ज केला तर तो चालत नाही.

मुदत 60 दिवसांची. समितीला योग्य वाटलं तर आणखी 30 दिवस मिळतात. 2012 च्या सुधारित नियमांनुसार नामंजुरी किंवा बदल दावेदाराला व्यक्तिशः कळवायचा असतो आणि तो का, हे लेखी द्यायचं असतं, तेही याच कारणासाठी की त्याला मुदतीत दाद मागता यावी. म्हणून पत्र हातात पडलं त्या दिवसाची तारीख त्याच पत्रावर टाकून सही करावी. पत्रच आलं नसेल, तर उशिराच्या अर्जात तीच बाब सगळ्यात वर लिहावी.

या नियमांतला 12-अ मला साऱ्या कायद्यात सर्वांत कामाचा वाटतो. समितीने ग्रामसभेचा ठराव फेटाळला किंवा बदलला, तर आदेश सकारण हवा. ‘पुरावा अपुरा’ या दोन शब्दांत कोणता पुरावा पाहिला आणि तो का पटला नाही हे कळत नाही. असा आदेश अपिलात टिकू नये. ठराव अर्धवट वाटला तर समितीने तो नाकारायचा नसतो, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. पडताळणीला वनखात्याचा माणूस आला नाही आणि त्याच कारणावर खात्याने नंतर हरकत घेतली, तर तेवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. दावा पुन्हा पडताळणीला जातो. दुसऱ्यांदाही कोणी फिरकलं नाही, तर पडताळणीबाबतचा ग्रामसभेचा निर्णय अंतिम. या सगळ्यासाठी पडताळणीच्या नोटिशीची पोच जपून ठेवायला हवी, कारण खात्याला वेळेवर कळवलं होतं हे तीच सांगते.

पुराव्याबाबतही गैरसमज पुष्कळ. कोणताही एक ठरावीक कागद हवाच, असा आग्रह समितीला धरता येत नाही. बांध, सपाट केलेली जमीन, जुनं घर, विहीर, गावातल्या वयस्करांचा लेखी जबाब हे सगळे नियमांत नोंदलेले पुरावे आहेत. मात्र एकापेक्षा जास्त हवेत. उपग्रहाचं चित्र पूरक म्हणून चालतं, बाकीच्या पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही. अतिक्रमणाच्या दंडाची जुनी पावती नाही, एवढ्यावरच दावा फेटाळता येत नाही. आणि असली, तर त्या काळी माणूस त्या जमिनीवर होता हे खुद्द खात्यानेच लिहून ठेवलेलं असतं! ती फेकू नये.

दाद मागितल्यावर समितीने सुनावणीची तारीख किमान 15 दिवस आधी लेखी कळवायची, गावातही नोटीस लावायची. बाजू मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय अर्ज फेटाळता येत नाही, असं खुद्द कायद्याच्या सहाव्या कलमात आहे.

हे तपशील किती वजनाचे आहेत ते फेब्रुवारी 2019 मध्ये देशाने पाहिलं. 13 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे अंतिमतः फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून काढण्याचे निर्देश राज्यांना दिले. महाराष्ट्रही त्यात होता. 28 तारखेला न्यायालयाने स्वतःच ते थांबवले आणि दावे नाकारताना कोणती प्रक्रिया पाळली, हे राज्यांना प्रतिज्ञापत्रावर सांगायला लावलं.

मूळ कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय अंतिम आहे. पण मे 2020 मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखालचे अधिकार वापरून राज्याच्या अनुसूचित क्षेत्रासाठी आणखी एक पायरी जोडली: विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालची समिती. जुन्नर-आंबेगावची अनुसूचित गावं त्यात येतात. त्यापुढे घटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालय. न्यायालय सहसा खाचराची मोजणी करत बसत नाही. नोटीस दिली का, ऐकून घेतलं का, कारणं लिहिली का, एवढंच ते बघतं, आणि चूक दिसली तर बहुतेक वेळा प्रकरण पुन्हा समितीकडेच पाठवतं. मधल्या काळात चौथ्या कलमातलं संरक्षण असतंच. दाव्याची पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत दावेदाराला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही.