डबा घेतलास का?

मुंबईत घराबाहेर पडताना पाठीमागून एक प्रश्न हमखास यायचा, "डबा घेतलास का?" न्यू जर्सीत आल्यावर तो विचारणारं कोणी उरलं नाही आणि हळूहळू डबाही सुटला. वेळ नसतो, सकाळची घाई असते, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. खरं कारण वेगळंच होतं.

१९९४ सालची गोष्ट. आम्हां दोघांपैकी एकाची इथली पहिलीच नोकरी. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये काळ्या मसाल्याची वांग्याची भाजी गरम केली. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हवर चिठ्ठी, 'उग्र वासाचे पदार्थ कृपया गरम करू नयेत.' खाली नाव कोणाचंच नव्हतं. पण ती कोणासाठी होती हे न कळायला आम्ही काही कुक्कुली बाळं नव्हतो! त्या दिवसापासून सँडविच आणि पिझ्झा सुरू झाले. पुढे आमची लेक दुसरीत असताना म्हणाली, "मला पोळीभाजी नको, वास येतो." तिची समजूत घालायची, ते राहिलं बाजूला. आम्ही मुकाट्यानं पीनट बटरचं सँडविच बांधून दिलं. ते अजूनही खटकतं.

दोन वर्षांपूर्वी रक्त तपासलं तेव्हा एकाचा ए-वन-सी निघाला ६.१. (५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.) आपल्या लोकांना हा रोग कमी वजनातही गाठतो, म्हणून तर अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं २०१५ साली आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बीएमआय मर्यादा २५ वरून २३ वर आणली. डॉक्टरांनी विचारलं, "दुपारी काय खाता?" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

मग एका रविवारी कागद-पेन्सिल घेतली. बाहेरचं जेवण माणशी साधारण १५ डॉलर, घरचा डबा फार तर ४ डॉलर. आठवड्याचे चार दिवस, दोन माणसं, म्हणजे आठवड्याला ८८ डॉलरची बचत. वर्षाचे ४८ आठवडे धरले तर चार हजारांच्या वर! भारतवारीच्या तिकिटांना एवढा हातभार दुसरं कोण लावणार?

पण रोज सकाळी सहाला उठून पोळ्या लाटायची आमची तयारी नव्हती, तेव्हा रविवारचे दोन तास ठरवले. ओक ट्री रोडवरून आणलेले मूग शनिवारी सकाळी भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात बांधायचे. इथल्या थंडीत मोड येत नाहीत अशी पुष्कळांची तक्रार असते. ओव्हन पेटवू नका, नुसता आतला दिवा लावून गाठोडं आत ठेवा. रविवारी दुपारपर्यंत मोड तयार! (ओव्हनच्या दारावर चिठ्ठी लावायला मात्र विसरू नका.) माणशी ५० ग्रॅम कोरडे मूग पुरतात आणि त्यातून सुमारे १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पोळ्या एकदम करून, मध्ये कागद घालून फ्रीजरमध्ये ठेवतो. उसळ, भाजी फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते. त्यापुढची फ्रीजरमध्ये टाकावी.

आता मायक्रोवेव्हचा प्रश्न. आमच्या आज्या प्रवासाला निघत तेव्हा कुठे होता मायक्रोवेव्ह? दशम्या, धपाटे, थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी हे सगळं गार खायचंच खाणं. सोमवारी उसळ, मंगळवारी थालीपीठ नि दही, बुधवारी पालेभाजी-पोळी, गुरुवारी दशमी-चटणी आणि भरपूर काकडी-गाजर. काकडीला मीठ आधी लावू नये, पाणी सुटतं. उसळ गरमच हवी असेल तर थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी घालून दहा मिनिटं ठेवावं, ते ओतून टाकून मग वाफाळती उसळ भरावी. दही, भाजी बर्फाच्या पिशवीसोबत न्यावी. नाशवंत पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत. शुक्रवारी मात्र ऑफिसच्या मंडळींबरोबर बाहेर! डब्यापायी माणसं तोडायची नाहीत.

राहिला निवांतपणा. जेवणाची सुट्टी दिलीच पाहिजे असा कायदा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारख्या काही राज्यांचा आहे. मिळते तिथेही आम्ही कित्येक वर्षं कॉम्प्युटरपुढेच जेवलो. आता वीस मिनिटं टेबल सोडून बसतो आणि मग दहा मिनिटं चालतो. जेवणानंतर चाललं की रक्तातली साखर कमी चढते, असं आता डॉक्टर सांगतात. आपल्याकडे त्याला शतपावली म्हणतात आणि तिला पैसे पडत नाहीत.

सहा महिन्यांनी ए-वन-सी ५.८ वर आला. उंबरठा अजून ओलांडायचाच आहे, पण तोंड आता घराबाहेर नसून घराकडे आहे. तुमच्या डब्यातल्या युक्त्याही जरूर कळवा.

गेल्या महिन्यात बॉस्टनहून लेकीचा फोन आला. "आई, मटकीला मोड यायला किती वेळ लागतो गं? ऑफिसला न्यायचीय."

"अगं, पण मायक्रोवेव्हचं काय?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

"त्याचं काय?" ती म्हणाली.

आम्ही काही बोललो नाही. ओव्हनच्या दिव्याची युक्ती तेवढी सांगितली.